मागच्या ब्रेकमधली हवा

"दाब... दाब... आता धरून ठेव."

मुलगी वर सीटवर बसून पेडल दाबत होती. मिस्त्री ट्रकखाली उताणा पडून मागच्या चाकाचं, ब्रेकमधली हवा काढायचं निपल ढिलं करत होता. नळीतून बाटलीत ब्रेकचं तेल उतरलं. एकही बुडबुडा नाही. त्याने निपल आवळलं.

"आता?"

"नाही, बाबा. पार तळाला जातंय."

"पेडल आहे की लोण्याचा गोळा!"

सकाळपासून हेच चाललं होतं. मास्टर सिलिंडर नवा घातला, पाइप पुसून पुसून गळती शोधली. ट्रकला गिऱ्हाईक लागलं होतं आणि मिस्त्रीला तो दारात नको झाला होता.

त्याच्या मुलाने हा ट्रक हौसेने बदलून घेतला होता. उंच केला, मागचे जुने ड्रम काढून दुसऱ्या गाडीचे डिस्क ब्रेक बसवले. पहिल्याच फेरीला माल भरून निघाले तेव्हा चालवायला जावई होता, मुलगा शेजारी. उतारावर ट्रक भिंतीवर आदळला. मुलगा जागीच गेला. जावयाने सगळ्यांसमोर सांगितलं, माझा डोळा लागला. मिस्त्रीने त्याला चारचौघांत खुनी म्हटलं, पुन्हा घराची पायरी चढू दिली नाही. मुलगी येई ती एकटीच. नवऱ्याचा विषय काढत नसे.

मुलाच्या हातावर मिस्त्रीचा इतका भरवसा, की मागच्या कॅलिपरकडे, डिस्कला आवळणाऱ्या त्या जबड्याकडे, त्याने नीट बघितलंच नव्हतं. आता त्याने दिवा जवळ ओढला. निपल खालच्या अंगाला होतं. ते वर हवं. हवा वर चढते. खालून कितीही तेल काढा, ती आत तशीच बसून राहते. तो सरपटत दुसऱ्या चाकाशी गेला. तिथेही तेच. डावा कॅलिपर उजवीकडे, उजवा डावीकडे.

भरलेला ट्रक, उतार आणि हे असले ब्रेक. चालवणारा टक्क जागा असता तरी काय करणार होता?

"बाबा, दाबू का?"

"नको." त्याने पाना खाली ठेवला. "हे उलटे बसलेत गं. तुझ्या दादाने... त्या दिवशी ब्रेक लागलेच नसणार."

ती खाली उतरली. वाकून त्याच्याकडे बघितलं नाही.

"ठाऊक आहे मला," ती म्हणाली. "यांनी तेव्हाच गाडीखाली बघितलं होतं. म्हणाले, गेलेल्या माणसाला कशाला बोल लावायचा? बाबांच्या शिव्या मी खाईन."