डोक्यातला दाब

जिन्यावरून पडलेली दिपाली धरमपेठेतल्या दवाखान्यात बेशुद्ध होती. मेंदूची सूज कळावी म्हणून डॉक्टरांनी तिच्या कवटीत बारीकसा सेन्सर बसवला होता. आतला दाब उशाजवळच्या पडद्यावर दिसायचा. तिच्या आई, प्रेमिलाबाई, जवळ बसून तिच्याशी बोलत राहायच्या. आकडा बारावर स्थिर असायचा.

दुपारी जावई आला. "दिपाली, मी आलो वं," तो हळूच म्हणाला. आकडा पंचविसावर गेला, यंत्र वाजू लागलं. सिस्टरनं त्याला बाहेर पाठवलं, तसा आकडा उतरला. संध्याकाळी तो परत आला, तेव्हाही तेच झालं.

"बेशुद्ध आहे ना ती? मंग असं काहून होऊन राहिलं?" प्रेमिलाबाईंनी विचारलं.

"आवाज आत पोचतो, काकू," सिस्टर दाराकडे बघत म्हणाली.

दोन दिवसांनी दिपाली शुद्धीवर आली. डॉक्टर म्हणाले, "सूज उतरली. उद्या सेन्सर काढू, मग घरी न्या."

"घरी मी पाहतो तिले," जावई म्हणाला. "आई, तुम्ही बिनधास्त आपल्या घरी कन्हानले जा."

"हो, जा तू," दिपाली हसून म्हणाली. पडद्यावरचा आकडा मात्र चढत चालला होता.

प्रेमिलाबाई खुर्चीवरून उठल्या नाहीत.