मोरीची जाळी

"बादली नीट झाका. इथे सांडली तर जज्जसाहेब आपल्यालाच आत टाकतील," वकीलसाहेब म्हणाले.

बादलीत गटाराचं पाणी. शिपाई नाकाला रुमाल लावून लांब उभा.

खटला होता मोरीच्या जाळीचा. एका वर्कशॉपवाल्या बाईंनी वास अडवणारी जाळी शोधून काढली, पेटंट घेतलं. बड्या कंपनीने हुबेहूब तशीच बाजारात आणली, निम्म्या भावात! बाईंची गिऱ्हाइकं पळाली. आता खटला हरल्या की वर्कशॉपला कुलूप. आणि वकीलसाहेब कोणाचे? कंपनीचे. उभा जन्म पेटंटच्या खटल्यांत काढलेला माणूस.

"ढापलीच आहे हो," कंपनीचा मालक त्यांच्या कानाशी खिदळला. "रबर तेवढं भंगारातलं घातलं. बाई काय, रडतील चार दिवस."

साहेबांनी खुर्ची जरा पलीकडे सरकवली.

तेवढ्यात एक चष्मेवाले गृहस्थ आत आले. साहेबांनी त्यांना पुढच्या बाकावर जागा करून दिली.

"पेपरवाला का?" मालकाने विचारलं. "नाव होईल ना आपलं?"

"होईल की. सगळीकडे."

मग प्रयोग. दोन पाईप, दोन्हींत तेच गटाराचं पाणी. एकावर बाईंची जाळी, दुसऱ्यावर कंपनीची. जज्जसाहेबांनी बाईंच्या पाईपाशी नाक नेलं. काही नाही. कंपनीच्या पाईपाशी नेलं आणि, बाप रे! टायपिस्ट ओकत बाहेर पळाली. "खिडक्या उघडा!" जज्जसाहेब ओरडले.

"पेटंट वास अडवणाऱ्या जाळीचं आहे," साहेब शांतपणे म्हणाले. "आमची अडवतच नाही. मग नक्कल कसली? मालकांनाच विचारा, शपथेवर."

"नाही अडवत!" मालक छाती फुगवून म्हणाला. "कधीच नाही अडवला!"

झालं. बाई हरल्या. मालक साहेबांना मिठी मारायला धावला, तर साहेब हात धुवायला निघून गेलेले.

जिन्यात बाई डोळे पुसत होत्या. ते चष्मेवाले गृहस्थ नाकावरचा रुमाल काढत त्यांच्यापाशी आले.

"ताई, मी हॉस्पिटलांची खरेदी बघतो. उद्या या कंपनीशी करार करणार होतो, सगळ्या वॉर्डांसाठी. आता तुम्ही द्याल का जाळ्या?"

बाई बघतच राहिल्या. "पण तुम्ही इथे कसे?"

"कंपनीच्या वकीलसाहेबांचा फोन आला होता. म्हणाले, सही करण्याआधी एकदा येऊन वास घ्या."