शून्यावरचं नाव

‘नाव यादीत आहे का?’ पडद्यावर पुन्हा ‘नाही’च आलं. किडनीच्या प्रतीक्षायादीत सुमतीबाई ढमढेरे पहिल्या होत्या, तरीही. याच ‘नाही’मुळे सकाळी आलेली किडनी दुसऱ्या रुग्णाला बसवली गेली होती.

प्रोग्राम श्रीरंगनंच लिहिला होता. यंत्र शून्यापासून मोजतं. पहिलं नाव शून्य क्रमांकावर सापडत होतं आणि शून्य म्हणजे ‘सापडलं नाही’ असं त्यानं धरलं होतं. त्यानं ओळ दुरुस्त केली. आता पडद्यावर ‘आहे’ आलं.

हॉस्पिटलातल्या त्याच्या खोलीच्या दाराशी सुमतीबाईंचे यजमान जेवणाचा डबा घेऊन उभे होते. “आज दुसऱ्या कुणाचं नशीब उघडलं म्हणे. असू दे. पण आता पहिला नंबर आमचाच ना, साहेब?”

“आजही तुमचाच होता, काका,” श्रीरंग म्हणाला.