दमसास

काराकोलच्या अलिमकुल पैलवानांच्या लेकीने, जिपारने, लग्नासाठी टेबल टेनिस खेळणारा एर्मेक पसंत केला, तेव्हा त्यांनी हातातला चहा दाणकन खाली ठेवला. "ती टिकटिक म्हणजे काय खेळ आहे? दम लागतो तो कुस्तीला! त्याच्याच खेळात अर्धा तास माझ्यासमोर टिकू दे, मग होकार देतो."

रविवारी शाळेच्या हॉलमध्ये दोघे समोरासमोर उभे राहिले. दहाव्या मिनिटाला पैलवानांचा शर्ट पाठीला चिकटला. पंधराव्या मिनिटाला ते चेंडू उचलायला टेबलाखाली वाकले आणि तिथेच फतकल मारून बसले. गेल्या वीस वर्षांत आपण फक्त पोट कमावलं, हे त्यांना टेबलाखालून अगदी स्वच्छ दिसलं. आता लेकीसमोर बाहेर यायचं कसं, या विचाराने त्यांचे कान तापले.

तेवढ्यात वरून एर्मेकचा आवाज आला, "काका, थांबू या का? मला फार दम लागलाय."

पैलवानांनी मान वर करून पाहिलं. पोराच्या कपाळावर घामाचा टिपूसही नव्हता.

जिपारचा हात धरून कसेबसे उठत ते तिच्या कानात म्हणाले, "पोरगा साफ खोटारडा आहे गं. मी मेंढा कापतो, त्याच्या आईवडिलांना जेवायला बोलाव."