पुढे सरका

"शिक्का झाला, पुढे सरका. दारात उभं राहू नका," कंडक्टरकाका म्हणाले, आणि सहा माणसांचं एक कुटुंब टेलरबाईंच्या खोलीत पुढच्या दाराने शिरून मागच्या दाराने अंगणात गेलंसुद्धा. भिंतींवर कापडाचे तुकडे जोडून शिवलेली अकरा चित्रं होती. धाकट्या मुलीने तेवढं एकाकडे पाहिलं, तेही पाण्याचा माठ शोधताना.

कोपऱ्यात शिलाई मशीनपाशी उभ्या असलेल्या टेलरबाईंनी ओठ घट्ट मिटून घेतले. वस्तीतली ही पहिलीच कलाफेरी. हातात नकाशा घेऊन बारा घरी जायचं, तिथल्या कलाकाराचं काम पाहायचं आणि प्रत्येक घरी कार्डावर शिक्का घ्यायचा. बारा शिक्के झाले की एक कापडी पिशवी फुकट. ही पिशवी कुणाच्या सुपीक डोक्यातून निघाली होती कोण जाणे, पण सकाळपासून लोक शिक्केच गोळा करत फिरत होते. आणि शिक्के मारायला बसले होते टेलरबाईंचे यजमान, ज्यांनी बत्तीस वर्षं बसमध्ये कंडक्टरकी केली होती.

ते मनापासून मदत करत होते, हेच जास्त चीड आणणारं होतं. रांग लावत होते, म्हाताऱ्यांना आधी सोडत होते, कुणाचा खोळंबा होऊ देत नव्हते. खुर्ची त्यांनी दाराकडे तोंड करून टाकली होती, म्हणजे सगळी चित्रं पाठीमागे. "मला त्यातलं काही कळत नाही, मी आपला माणसं सांभाळतो," असं सांगून ते सकाळीच मोकळे झाले होते. लोकांना जरा थांबू द्या, असं टेलरबाईंनी दोनदा सुचवून पाहिलं. थांबले तर मागचे आत कसे येणार, असं त्यांनीच उलट विचारलं.

आज कुणीतरी थांबायलाच हवं होतं. मुलाला घरून काम करायला ही खोली पाहिजे होती. मागच्या आठवड्यात जेवताना तो म्हणाला, चिंध्या ठेवायला एवढी मोठी खोली कशाला? बाई तिरीमिरीत बोलून गेल्या, की कलाफेरीत एकाही माणसाने माझ्या चित्रापुढे पाच मिनिटं थांबून ते नीट पाहिलं नाही, तर खोली तुझी आणि मशीन विकून टाक. दिलेला शब्द फिरवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. साडेचारला मुलगा सुताराला घेऊन टेबलाची मापं घ्यायला येणार होता. सव्वाचार होऊन गेले होते.

तेवढ्यात चष्मा लावलेल्या एक बाई आल्या. शिक्का घेऊन दोन पावलं टाकली आणि मोठ्या चित्रापुढे थांबल्या. चादरीएवढं चित्र होतं ते, गिऱ्हाइकांच्या उरलेल्या तुकड्यांतून शिवलेलं. गच्च भरलेली बस, दांड्याला धरून उभी माणसं आणि त्यांच्यातून वाट काढणारा, कानावर पेन्सिल खोचलेला कंडक्टर. त्या बाईंनी वाकून शिवण पाहिली. मग मागे सरून दारातल्या काकांच्या कानावरच्या पेन्सिलीकडे पाहिलं, पुन्हा चित्राकडे पाहिलं आणि त्या हसल्या. टेलरबाई मशीनपासून दोन पावलं पुढे आल्या. त्या बाई काहीतरी विचारणार होत्या.

"बाई, पुढे सरका, मागे माणसं खोळंबलीत," काका मान न वळवता म्हणाले.

त्या ओशाळल्या, सॉरी म्हणाल्या आणि अंगणात निघून गेल्या.

टेलरबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तरातरा जाऊन त्यांनी रांगेच्या तोंडावर दार लावलं, कडी घातली, मागच्या दारालाही घातली आणि नवऱ्याच्या हातातून शिक्का काढून घेतला.

"अगं, बाहेर माणसं आहेत."

"दिवसभरात एक बाई थांबली. एक. तिला तुम्ही हाकललंत."

"हाकललं कुठे? मी फक्त..."

"उठा. आणि मागे वळा."

ते उठले, वळले. आधी ओझरतं पाहिलं, तिकीट तपासावं तसं. मग त्यांची नजर चित्राच्या मध्यावर अडकली. तिथल्या कंडक्टरच्या अंगात राखाडी गणवेश होता, कोपरापाशी विटलेला. निवृत्त झाल्यावर त्यांनीच तो फडक्यांसाठी काढून टाकला होता.

"बॅगेचा पट्टा उजव्या खांद्यावर असायचा," मान तिरकी करून ते म्हणाले.

"डाव्या. शेवटची आठ वर्षं उजवा खांदा दुखायचा तुमचा. शेकत कोण होतं?" बाईंचा राग अजून उतरला नव्हता.

बाहेर कुणीतरी दार वाजवलं. काकांनी तिकडे लक्ष दिलं नाही. ते एक पाऊल पुढे गेले आणि खिडकीशी डुलक्या घेणाऱ्या बाईवर त्यांनी बोट ठेवलं.

"ही पहिल्या गाडीची नर्स ना? रात्रपाळी करून यायची, रोज स्टॉप चुकायचा. तू हिला कुठे पाहिलंस?"

"मी कशाला बघायला जातेय? तुम्हीच सांगायचात जेवताना."

काकांचं बोट नर्सवरून तिच्या शेजारच्या म्हाताऱ्यावर सरकलं, तिथून मागच्या सीटवरच्या जुळ्या भावांवर.

मागच्या दारावर थापा पडल्या. "बाबा, सुतार आलाय," मुलगा बाहेरून म्हणाला. "मापं घ्यायचीत. दार उघडा."

"थांबायला सांग त्याला," चित्रावरची नजर न काढता काका म्हणाले. "मी बघतोय अजून."