सपाट चमचा

डॉक्टरांनी वडिलांना दिवसाला एकच सपाट चमचा मीठ सांगितलं होतं. आई तो चमचा सुरीच्या पात्याने सारखा करूनच वापरायची. असं पथ्य सांभाळणारी बायको दिवा घेऊन शोधली तरी सापडणार नाही, असं सगळे नातेवाईक म्हणत. रक्तदाब मात्र चढतच होता.

माहेरी आलेल्या लेकीने आपला छोटा वजनकाटा ओट्यावर मांडला. डब्यातलं चमचाभर बारीक मीठ सहा ग्रॅम भरलं. मागच्या बरणीत उरलेलं जाडं मीठ त्याच चमच्याने घेतलं, तर चारच ग्रॅम.

"आई, डॉक्टरांनी चमचा सांगितला तेव्हा आपण जाडं मीठ वापरायचो ना गं?"

"हो."

"मग घात झाला की! बारीक मीठ चमच्यात जास्त मावतं. बाबांच्या पोटात रोज दीडपट मीठ जातंय!"

आतून वडील खेकसले, "ताट आणतेस, की कालच्यासारखी हाताने समजूत घालू?"

आईने निळ्या पडलेल्या मनगटावर बाही ओढून घेतली आणि चमचा पुन्हा सपाट केला.



"हळू बोल, बाळा. म्हणून तर जाडं मीठ बंद केलं."