निळ्याऐवजी तपकिरी

"बाई, शिंपला पाळायला अनुभव लागतो. खायला तिसऱ्या हव्या असतील तर मासळीबाजार पलीकडच्या गल्लीत आहे," मत्स्यालयाच्या दुकानाचा मालक दाभाडे म्हणाला. दुकानातली दोन गिऱ्हाइकं फिदीफिदी हसली.

वृंदा आंबर्डेकर हसली नाही. घरच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत तिनं वर्षभर प्रवाळ जगवलं होतं. आज ती त्या टाकीत ठेवायला पहिला जिवंत शिंपला निवडायला आली होती.

दाभाडेनं टाकीतल्या गडद निळ्या शिंपल्याकडे बोट दाखवलं. "हा न्या. पाहुणे बघतच राहतील."

वृंदानं टाकीवरच्या दिव्याखाली तळहात धरला. सावली पडताच कोपऱ्यातल्या तपकिरी शिंपल्यानं झटकन तोंड मिटलं. निळा मात्र आ वासूनच राहिला. तिनं पुन्हा सावली धरली, तरी तो हलला नाही.

"तो तपकिरी द्या."

"तो मातकट?" दाभाडेनं नाक मुरडलं आणि हिसका मारून शिंपला काढायला हात घातला.

"ओढू नका! तो दगडाला चिकटलाय, उपटलात तर मरेल. दगडासकट द्या." मग तिनं त्याच्याकडे न बघताच सांगितलं, "आणि निळा आजच बाहेर काढा. मेलाय तो. सगळ्या टाकीचं पाणी नासेल."

"मला शिकवता?"

पैसे देऊन वृंदा दगडासकट शिंपल्याची पिशवी सांभाळत निघाली. दारातून तिनं मागे पाहिलं. गिऱ्हाइकं टाकीवर वाकली होती आणि दाभाडे निळ्या शिंपल्याला लावलेली ओली बोटं हुंगत होता.